४२० नगांचं टार्गेट आणि दमलेली लाइन: सुपरवायझरनं हात कुठे घालावा?

चाकणच्या एका कंपनीत ब्रॅकेट वेल्डिंगच्या लाइनवर नुकतेच सुपरवायझर झालेल्या एकांनी विचारलंय: "माझ्या शिफ्टला २० स्टेशन, पटावर २२ माणसं, रोज सरासरी तीन गैरहजर. सध्या शिफ्टला ३८० चांगले नग निघतात, रिजेक्शन चार टक्के. मॅनेजर म्हणतात पुढच्या महिन्यापासून ४२० हवेत. आधीच डबल शिफ्ट चालू आहेत, गुरुवारी, म्हणजे आठवड्याच्या सुट्टीलाही बोलावतोय, दोन चांगले वेल्डर सोडून गेले. माणसं सांभाळू की आकडा?"

तुमचा प्रश्न 'माणसं की आकडा' असा दिसतो खरा, पण दिलेल्या माहितीवरून अडचण वेगळीच वाटते. तुमच्या लाइनवर माणसं नग बनवून थकत नाहीयेत. ती थकतायत फिक्श्चर (वेल्डिंग करताना पार्ट धरून ठेवणारा साचा) बदलायची वाट बघण्यात, मग ती भरपाई करायला पळण्यात, स्पॅटर (वेल्डिंगचे उडून चिकटलेले थेंब) घासण्यात आणि सुट्टीच्या दिवशी कामावर येण्यात. यातल्या एकाही गोष्टीतून कंपनीला जादा नग मिळत नाही. म्हणजे आकडा आणि माणूस दोघांनाही एकच गळती खातेय, आणि तुमचं पहिलं काम ती मोजणं हे आहे.

आधी दोन अटी सांगतो. रोस्टर बदलायचा अधिकार तुमच्याकडे आहे की एचआरकडे, आणि युनियनचा करार आहे का, यावर खालचं बरंच काही अवलंबून आहे. करारात शिफ्टच्या वेळा किंवा ठरावीक उत्पादनाचा आकडा लिहिलेला असेल, तर आधी कमिटीशी बोला, मग कागदाला हात लावा. आणि लाइनवर कंत्राटी मुलं किती, हेही बघा. कायम कामगार 'जमणार नाही' असं तोंडावर म्हणतो. कंत्राटी मुलगा काही बोलत नाही, कारण ठेकेदार गेट बंद करेल ही भीती असते. तो एक दिवस येतच नाही.

आता हिशोब. आठ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३०, दोन चहाची २०, सुरुवातीची मीटिंग आणि शेवटची साफसफाई मिळून १० गेली की ४२० मिनिटं हातात राहतात. तुमच्या सगळ्यात हळू स्टेशनचा सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, तुम्ही दिलेला नाही, मी ५० सेकंद धरतो. तुमचा खरा आकडा स्टॉपवॉच लावून दहा-पंधरा नगांवर, तेही दोन वेगवेगळ्या ऑपरेटरवर घ्या. ४२० मिनिटं म्हणजे २५,२०० सेकंद, भागिले ५०, म्हणजे ५०४ नग. निघतात ३८०. मधले १२४ कुठे गेले?

शिफ्टमध्ये दोनदा मॉडेल बदलत असेल आणि प्रत्येक वेळी अर्धा तास जात असेल, तर ६० मिनिटं, म्हणजे ७२ नग तिथेच गेले. रिजेक्शनचे १५. उरले ३७, म्हणजे सुमारे ३१ मिनिटं: पार्टची बिन आली नाही, गॅस सिलिंडर संपला, वेल्डिंग टॉर्चची टिप बदलायची होती पण स्टोअरमधून आणावी लागली, चाइल्ड पार्ट (ब्रॅकेटला जोडायचा छोटा पार्ट) शोधत फिरावं लागलं. ही बारीक थांबणी ब्रेकडाउनच्या रजिस्टरमध्ये कधीच येत नाहीत, कारण पाच मिनिटांच्या आतल्या थांब्याची नोंद करायची पद्धत बहुतेक ठिकाणी नसते. म्हणून एक आठवडा लाइनच्या टोकाला साधा बोर्ड लावा आणि दर तासाला तीनच गोष्टी लिहा: किती नग झाले, किती मिनिटं थांबलो, कशानं. लाइन लीडरलाच लिहू द्या. पण एक पथ्य पाळा. त्या आठवड्यात बोर्डावरच्या कारणावरून कुणाला झापलंत, तर दुसऱ्या दिवसापासून बोर्ड छान दिसेल आणि तुमच्या काही कामाचा राहणार नाही.

आता ४२० कसे येतील ते बघा. मॉडेल चेंज ३० वरून २० मिनिटांवर आला की दोन्ही मिळून २० मिनिटं वाचतात, २४ नग. रिजेक्शन अर्धं झालं की ७. बारीक थांबण्यातली दहा मिनिटं कमी केली की १२. बेरीज ४३, आणि ३८० अधिक ४३ म्हणजे ४२३. कुणाचाही हात एका सेकंदानंही जोरात चालला नाही. हेच ४२० काही न बदलता, नुसतं 'जोर लावा' म्हणून काढायचे असतील तर प्रत्येक नग ५० ऐवजी ४५ सेकंदांत करावा लागेल, आठ तास, रोज. एखादा दिवस होतं तेही. आठवडाभर केलं की वेल्ड मिस व्हायला लागतो, क्लॅम्प नीट बसला की नाही हे बघायचं राहतं, आणि प्रेसवर दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून जी दोन पुश बटनं असतात, त्यातलं एक कुणीतरी टेप लावून दाबून ठेवतो. असं टेप लावलेलं बटन दिसलं तर त्या मुलाला मेमो द्यायच्या आधी त्या दिवशीचा तासाचा आकडा काय मागितला होता ते बघा. मशीन तिथल्या तिथे थांबवायचं, टेप काढायची, बटन तपासायचं, यात तडजोड नाहीच. पण हे टार्गेट चुकीच्या जागी ओढल्याचं लक्षण आहे, आणि ते टार्गेट खाली उतरवणारे तुम्ही आहात.

मॉडेल चेंजची दहा मिनिटं कुठून निघतात? लाइन बंद झाल्यावर आपण जे जे करतो त्यातलं किती लाइन चालू असताना करता येतं, हे वेगळं काढायचं. फिक्श्चर ट्रॉलीवर स्टेशनच्या शेजारी आधीच आणून ठेवणं, बोल्ट एकाच मापाचे करणं म्हणजे पाना बदलावा लागत नाही, लोकेटिंग पिन तपासून ठेवणं, पहिल्या नगाच्या तपासणीसाठी क्वालिटीच्या माणसाला दहा मिनिटं आधी निरोप देणं. हा शेवटचा मुद्दा फार दुर्लक्षित असतो. फिक्श्चर बसलेलं असतं, वेल्डर हातमोजे घालून उभा असतो आणि इन्स्पेक्टर दुसऱ्या लाइनवर असतो. ही सात-आठ मिनिटं फुकटची आहेत. फिक्श्चरचं काम टूलरूमकडून करून घ्यायचं तर त्यांचा एखादा दिवस लागेल, तो मॅनेजरकडे मागायचा. तो मुद्दा पुढे येतो.

रिजेक्शनच्या बाबतीत शिफ्टचा सरसकट आकडा बघू नका, तासावार मांडा. सातव्या-आठव्या तासात आणि डबल शिफ्टवाल्या माणसाच्या स्टेशनवर दोष गोळा होत असतील तर कारण थकवा. दिवसभर सारखेच विखुरलेले असतील तर कारण पार्ट किंवा सेटिंग: प्रेसमधून आलेल्या पार्टमध्ये गॅप, झिजलेली काँटॅक्ट टिप, सैल क्लॅम्प. टिप खराब झाल्यावर बदलण्यापेक्षा ठरावीक नगांनंतर बदला आणि पाच-सहा टिपा स्टेशनवरच ठेवा. अँटी-स्पॅटर स्प्रे वेळच्या वेळी मारला आणि करंट-व्होल्टेजचं सेटिंग कुलूपबंद ठेवलं की घासणं कमी होतं. लाइनच्या टोकाला दोन माणसं ग्राइंडर घेऊन उभी असतील, तर त्यातला एक सुटेल. त्याला कुठे वापरायचं ते आत्ताच ठरवा, नाहीतर दुसरा सुपरवायझर त्याला घेऊन जाईल. त्याला रिलीव्हर करा, म्हणजे कुणी उठलं की त्याची जागा घेणारा माणूस.

रिलीव्हर ही तुमच्या लाइनवर सगळ्यात मोठी सुधारणा ठरेल. तो नसला की पाणी प्यायला किंवा लघवीला जायचं म्हणजे लाइन थांबवणं, आणि लाइन थांबवणारा नजरेत येतो. मग माणसं पाणीच कमी पितात. महिला ऑपरेटर तर पूर्ण शिफ्ट कळ काढतात. त्याचा त्रास कोणत्याही रजिस्टरमध्ये न दिसता पुढे सुट्ट्यांमध्ये दिसतो. रिलीव्हर सात-आठ स्टेशनं चालवू शकणारा हवा, त्यासाठी स्किल मॅट्रिक्स खरा हवा. ऑडिटसाठी भिंतीवर लावलेला रंगीत तक्ता आणि प्रत्यक्ष कोण काय करू शकतो यात अंतर असतं. एका दुपारी एकेकाला उभं करून तपासा.

उन्हाळ्याचा एक मुद्दा वेल्डिंगवाल्यांसाठी मुद्दाम सांगतो, कारण इथे माणूस आणि क्वालिटी खरंच एकमेकांसमोर उभे राहतात. एप्रिल-मेमध्ये शेडखाली घाम निथळत असतो, ऑपरेटर पेडेस्टल फॅन स्वतःकडे वळवतो, आणि वारा आर्कला बाहेरच्या हवेपासून झाकणारा शील्डिंग गॅस उडवून लावतो. वेल्डमध्ये ब्लो होल, म्हणजे बारीक पोकळ्या, यायला लागतात. क्वालिटीवाला येतो, फॅन बंद करतो. ऑपरेटर पुन्हा लावतो. दिवसभर हेच. साधारण ताशी ८ किलोमीटरच्या वर वारा आर्कपाशी गेला की ही अडचण सुरू होते. फॅन बंद करणं हा इलाज नाही, आणि गॅसचा फ्लो वाढवत नेणं हाही नाही. फ्लो फार वाढवला की नोझलपाशीच गोंधळ होऊन बाहेरची हवा आत ओढली जाते. वारा पाठीवर आणि मानेवर, वरून, कमी वेगानं द्या. टेबलाच्या बाजूला वेल्डिंगचा पडदा लावा म्हणजे आर्कपाशी झोत पोचत नाही. धूर ओढणाऱ्या डक्टचं तोंड स्वच्छ आहे का बघा. थंड पाण्याचा जार दहा पावलांत हवा, मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस दोन्ही चहांच्या मध्ये वाटावं. वेल्डरला जाड ॲप्रन घालावाच लागतो, त्यामुळे बाकीच्यांपेक्षा त्याला विश्रांती जास्त लागते, आणि रिलीव्हर असेल तर ती लाइन न थांबवता मिळते.

आता माणसांची संख्या. २० स्टेशनं, २२ माणसं, तीन गैरहजर, म्हणजे रोज एक जागा रिकामी. ती आधीच्या शिफ्टच्या कुणालातरी थांबवून भरली जाते. तीन गैरहजर म्हणजे सुमारे साडेतेरा टक्के. त्या हिशोबानं २० जागा भरायला पटावर २३ ते २४ माणसं लागतात. डबल शिफ्ट ही तुमच्याकडे अडीअडचणीची सोय राहिलेली नाही, ती मनुष्यबळाच्या गणितातच बसलेली आहे. आणि डबल करणारा माणूस दोन-तीन दिवसांनी स्वतः गैरहजर राहतो, म्हणजे खड्डा आणखी मोठा होतो. हे चक्र तोडायला एक-दोन माणसं मागावी लागतील. ती मिळेपर्यंत निदान एवढा नियम पाळा: सोळा तास कुणालाच नाही. थांबवायचंच असेल तर आधीच्या शिफ्टचा चार तास थांबेल आणि पुढच्या शिफ्टचा चार तास लवकर येईल. दोन कामांच्या मध्ये ११ तासांचं अंतर ठेवा; युरोपातल्या कायद्यात एवढी विश्रांती किमान धरली आहे आणि आपल्याकडे चाकण-तळेगावचा बसचा प्रवास धरला तर ती चैन नक्कीच नाही. आठवड्याचे ४८ तास आणि त्यापुढे दुप्पट दर ही १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनची चौकट आहे. जादा तासांच्या मर्यादेचे नियम मात्र बदलत आलेत, तेव्हा आज लागू असलेला आकडा एचआरकडून लेखी मागून घ्या. तोंडी घेऊ नका.

गैरहजेरीही आंधळी नसते. मराठवाडा-विदर्भातली मुलं असतील तर मृगाचा पाऊस पडला की पेरणीला जाणार. गावची जत्रा, लग्नसराई, गणपती, दिवाळी, आणि बिहार-उत्तर प्रदेशची मुलं असतील तर छठ. या तारखा वर्षाच्या सुरुवातीला माहीत असतात. तीन महिन्यांचं सुट्ट्यांचं कॅलेंडर लाइनवर लावा, एका दिवशी जास्तीत जास्त दोघांना मंजूर सुट्टी, आधी सांगेल त्याला आधी. मंजूर केलेली सुट्टी नंतर रद्द करायची नाही, मॅनेजरनं सांगितलं तरी. एकदा रद्द केलीत की पुढच्या वेळी अर्ज येत नाही, थेट 'ताप आलाय'चा फोन येतो, तोही शिफ्ट सुरू झाल्यावर. शंभर टक्के हजेरीचा बोनस असेल तर त्याचंही जरा बघा. तो तापातल्या माणसाला मशीनसमोर उभा करतो.

शिफ्टची फिरती पहिली, दुसरी, रात्र अशी पुढे सरकणारी ठेवा. उशिरा झोपणं शरीराला लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. पण या पद्धतीत एक सांधा कच्चा आहे आणि तो तुमच्या भागातल्या गुरुवारच्या सुट्टीमुळे उठून दिसतो: रात्रपाळी गुरुवारी सकाळी सातला सुटते आणि पहिली पाळी शुक्रवारी सकाळी सातला सुरू होते. मध्ये चोवीस तास, त्यातले निम्मे झोपेत. कागदावर सुट्टी झाली, माणसाला मिळाली नाही. बाकी दोन बदलांमध्ये ४८ तास मिळतात. म्हणून रात्रपाळीच्या आठवड्यानंतर गुरुवारी कुणालाही बोलवायचं नाही, आणि शक्य झालं तर तिथे अर्ध्या-अर्ध्या गटानं एक जादा सुट्टी बसवा. रात्री तीन ते पाच या वेळेत शरीर सगळ्यात सुस्त असतं. मॉडेल चेंज, क्रेननं डाय हलवणं, नवशिक्याला मशीन देणं या वेळेत टाळा. नुसत्या नजरेनं तपासणी करणाऱ्याला तास-दीड तासानं बदला, नाहीतर डोळे उघडे असतात आणि दोष निघून जातो.

इथवरचं थोडक्यात: आधी गळती मोजा, मग मॉडेल चेंज आणि रिवर्क (घासणं-दुरुस्ती) कमी करून रिलीव्हर सोडवा, डबल शिफ्ट बंद करा, सुट्टीचा शब्द पाळा. या क्रमानं. उलटा क्रम, म्हणजे आधी डबल बंद, जमणार नाही; मधली माणसं येणार कुठून?

आता वरच्या मजल्याशी बोलणं. 'माणसं थकलीत साहेब' हे वाक्य मॅनेजरनं खूप वेळा ऐकलेलं असतं, आणि त्याच्यावर ग्राहकाच्या डिस्पॅचचा दबाव असतो. एका पानावर तीन पर्याय न्या. एक: आत्ताच्या स्थितीत ३८०, गुरुवार बंद. दोन: टूलरूमचा एक दिवस, टिप आणि बोल्टचा सेट, दोन माणसं, आणि चार ते सहा आठवड्यांत ४२०. तीन: पुढच्या महिन्यापासूनच ४२०, गुरुवार धरून. तिसऱ्याचा खर्च तिथेच मांडा. रोजचे ४० कमी म्हणजे सहा दिवसांत २४० नग, त्यासाठी गुरुवारी लाइन लावावी लागते; २० माणसं आठ तास म्हणजे १६० तास, दुप्पट दरानं ३२० तासांचा पगार, दर आठवड्याला, आणि तोही एकाच शिफ्टचा. त्याखाली सोडून गेलेल्या दोन वेल्डरच्या जागी नवीन मुलगा एकट्यानं स्टेशन सांभाळेपर्यंत किती आठवडे गेले आणि त्या काळात त्याचं रिजेक्शन किती होतं, ते लिहा. हा तुमच्याच रजिस्टरमधला आकडा आहे, त्यामुळे त्यावर वाद होत नाही. मॅनेजरनं तरीही तिसरा पर्याय निवडला तर किती आठवड्यांसाठी, हे त्याच बैठकीत ठरवून घ्या आणि ती तारीख लाइनला सांगा. शेवटची तारीख माहीत असेल तर माणसं चार गुरुवारही काढतात.

कुणी खरंच कामचुकार असेल तर? असतो एखादा. पण तसं ठरवायच्या आधी त्याला दोन दिवस दुसऱ्या स्टेशनवर टाका आणि त्याच्या जागी तुमचा चांगला माणूस ठेवा. चांगल्या माणसाचाही आकडा पडला तर दोष स्टेशनचा: बिन गुडघ्याखाली असेल, टॉर्चची केबल ओढावी लागत असेल. आकडा फक्त याचाच पडत असेल तर बाजूला घेऊन बोला. शिकवणं कमी पडलंय, घरी काही चाललंय, डोळ्यांचा त्रास आहे, की मन नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही. मन नसेल तर रीतसर कारवाई करा, त्यात संकोच नको. त्याचं काम शेजारचा ओढत असतो आणि तो शेजारी तुमच्याकडे बघत असतो. इन्सेंटिव्ह असेल तर तो एकेकट्याच्या नगांवर न ठेवता पूर्ण लाइनच्या चांगल्या नगांवर ठेवा. एकेकट्यावर असला की दोषी नग बिनच्या तळाशी जातात.

राहिला तुमचा फोन. दर तासाला ग्रुपवर बोर्डाचा फोटो आणि रात्री दोनला 'सर, गॅस संपला' हे चालू राहिलं तर पहिले तुम्ही आजारी पडाल. रात्री तुम्हाला फोन करण्याची कारणं तीनच ठेवा: इजा, आग किंवा गॅस गळती, आणि ग्राहकाची लाइन थांबण्याची वेळ. बाकी सगळं हँडओव्हरच्या वहीत. ती वही सकाळी सातला, दोन्ही लाइन लीडर समोरासमोर उभे असताना वाचायची. दहा मिनिटं लागतात. जाणाऱ्याची दहा मिनिटं हजेरीत धरा, नाहीतर तो सही करून निघून जातो आणि येणाऱ्याला फिक्श्चरची सैल पिन पहिल्या वीस नगांनंतर कळते.